सुकतळा

माझे वडील सदतीस वर्षं दारूत होते.

हे वाक्य मी नागपूरच्या एका लग्नात, पंगतीला, सहज बोलून गेलो आणि समोरच्या काकूंच्या हातातली जिलबी ताटात परत गेली. मग खुलासा करावा लागला, की आम्ही जबलपूरजवळच्या खमरियाचे. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे आणि बाबा त्यात नोकरीला होते. दारू म्हणजे ती दारू. खुलासा संपेपर्यंत काकू दुसऱ्या रांगेत जाऊन बसल्या होत्या.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की ज्या गावाचं पोट दारू कोरडी ठेवण्यावर चालतं, त्या गावात जुलै महिन्यात एक बुटाचा जोड कोरडा ठेवणं मला जमत नाही. बाबांच्या सदतीस वर्षांत ओल म्हणजे शत्रू. पाकिस्तान नंतर. आणि त्यांचा मुलगा पंचावन्नाव्या वर्षी, ईस्ट लँडच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात, स्टुलावर दोन ओले बूट मांडून त्यांच्याकडे पाहत बसलेला.

मी धावायला लागलो तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून. डॉक्टर म्हणाले होते, "चालत जा." मी धावायला लागलो, कारण पुण्याच्या भाच्याने बूट पाठवले. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या आणि आमचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेला. तिचं मुख्यालय पुण्यात. तेव्हापासून पुण्याच्या नातेवाइकांना आपण आमचे साहेब झालो असं वाटतं. भाचाही सूचना देतो त्या हेड ऑफिसमधून आल्यासारख्या. "मामा, हे साधे बूट नाहीत. यांना उन्हात ठेवायचं नाही, मशीनमध्ये धुवायचं नाही, हीटरजवळ न्यायचं नाही." किंमत मात्र त्याने सांगितली नाही. ती मी खोक्यावर वाचली आणि पहिले दोन दिवस बूट घालून नुसता पलंगावर बसलो.

जबलपूरला वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलीमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या दीडपटीहून जास्त, आणि त्यातला बहुतेक सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत उरकून घेतो. एप्रिल-मे महिन्यांत इथे ऊन असं असतं, की भिजलेलं काहीही तासाभरात वाळून कुरकुरीत होतं. पण तेव्हा बूट भिजतच नाहीत. ऊन असतं तेव्हा ओल नसते आणि ओल असते तेव्हा ऊन नसतं. निसर्गाच्या या नियोजनाबद्दल मी कुणाकडे तक्रार करावी ते अजून ठरलेलं नाही.

पहिल्यांदा बूट भिजले ते डुमना विमानतळाच्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना जंगल, वर आभाळ, मध्ये मी. पहिल्या पाच मिनिटांत माणूस पाय वाचवत धावतो. डबकं दिसलं की उडी, चिखल दिसला की वळसा. मग एक डबकं असं येतं, की ते दिसतच नाही. त्यानंतर माणूस मोकळा होतो. आता काय भिजायचं राहिलंय, म्हणून मी शाळेतल्या पोरासारखा डबक्यांमधून धावलो. बुटातून पच-पच असा आवाज येत होता. त्या आनंदाचं बिल घरी आल्यावर आलं.

मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. कोरडा बूट भरायचा दोनशे नव्वद ग्रॅम. ओला भरला चारशे पंचेचाळीस. म्हणजे एकेका पायाला दीडशे ग्रॅमहून जास्त पाणी मी डुमन्याहून घरी वाहून आणलं होतं. आईने काट्याकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "यावर मी उद्यापासून रवा तोलणार नाही." तो काटा आता माझाच आहे.

बुटाच्या आतल्या तळव्याला आपल्याकडे सुकतळा म्हणतात, काही जण सुखतळा म्हणतात. पावसाळ्यात हा शब्द दोन्ही बाजूंनी खोटा पडतो. पण भाच्याच्या आज्ञेत पहिलं कलम तेच होतं: घरात शिरताच नाडी पूर्ण सैल करायची, जीभ बाहेर ओढायची आणि सुकतळा उपसून वेगळा ठेवायचा. हे अगदी खरं आहे. सुकतळा आत राहिला तर त्याच्याखाली जे तळं साचतं त्याचा पत्ता वरून लागत नाही. बूट वरून कोरडा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी बोलायला लागतो. तोंडाने नव्हे, वासाने.

कलम दुसरं, वर्तमानपत्र. चोळामोळा करून बोळे बुटात कोंबायचे, पार टोकापर्यंत. कागदाचे तंतू पाणी ओढून घेतात, पण त्यांचंही पोट असतं. ते भरलं की तोच कागद बुटाला ओलं ठेवतो, ओल्या लंगोटासारखा. म्हणून पहिले काही तास तासा-दीड तासाने बोळे बदलायचे. या कामाला साधा वर्तमानपत्री कागदच लागतो. गुळगुळीत कागदावर मातीचा लेप असतो, तो पाणी पीत नाही. हे मला दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ वापरल्यावर कळलं. साहित्याने ओल शोषण्यास साफ नकार दिला.

आमच्या घरी यात एक घटनात्मक अडचण आहे. हिंदी वर्तमानपत्र रोज येतं. मराठी वर्तमानपत्रं नागपूरहून, कुणी येणारं असेल तर, बहीण गठ्ठ्याने पाठवते. ती आठवडाभर जुनी असतात आणि बाबा ती पुढचे पंधरा दिवस पुरवून वाचतात, अग्रलेखापासून निविदांपर्यंत. शब्दकोडं शेवटी. तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी व्हरांड्यातून फर्मान काढलं: "मराठी पेपर बुटात जाणार नाही." पायाला अक्षर लागलं तर आपण नमस्कार करणारी माणसं, त्यात मराठी अक्षर, तेही परमुलखात. मी कबूल झालो. हिंदीची अक्षरंही देवनागरीच असतात, हा मुद्दा मी काढला नाही.

एका जोडाला दोन दिवसांची वर्तमानपत्रं लागतात. घरचा साठा पंधरवड्यात संपला आणि मी कॉलनीत मागत फिरू लागलो. शेजारच्या बड्डेंनी मला सलग तीन दिवस रद्दी नेताना पाहिलं. बड्डे हे त्यांचं नाव नव्हे. जबलपुरात बड्डे म्हणजे मित्र, दादा, साहेब, अहो आणि अरे, सगळं एकदम. बोलण्याची सुरुवात इथे 'काए' ने होते, आणि तो 'काए' आपल्या 'काय'च्या इतका जवळ आहे, की माझी आई पन्नास वर्षं त्याला मराठी समजून उत्तर देत आली आहे. तर ते म्हणाले, "काए बड्डे, ई उमर में कोनऊ परीच्छा की तैयारी कर रए का?" संध्याकाळपर्यंत कॉलनीत बातमी पसरली, की मी नोकरी सोडून स्पर्धा परीक्षेला बसणार आहे. दोन जणांनी जुन्या प्रश्नपत्रिका आणून दिल्या. चांगल्या कोरड्या होत्या. उजव्या बुटात गेल्या.

पावसाची एक गंमत या बोळ्यांमुळेच माझ्या लक्षात आली. बरगी धरण भरत आलं, की त्याच्या एकवीस दरवाजांपैकी किती उघडले, ही इथली पहिल्या पानाची बातमी. सोमवारी पाऊस पडतो, मंगळवारी छापून येतो, बुधवारी तोच माझ्या बुटात शिरून सोमवारचं पाणी पितो. छपाईची शाईही उतरते. एकदा पाय धुताना टाचेवर उलट्या अक्षरांत काहीतरी दिसलं. आरशात धरून वाचलं तर सोन्याचा भाव होता.

कागदाने ऐंशी टक्के काम होतं. उरलेल्या वीस टक्क्यांत माणसाचा संयम संपतो. मी कूलरमध्ये पाणी न भरता नुसता पंखा लावून बूट त्याच्या तोंडाशी टांगले. ही युक्ती उत्तम, कारण सुकण्याला उष्णतेपेक्षा वाहती हवा जास्त उपयोगी. बुटाभोवतीची हवा ओलीने भरून गेली, की ती हलवून दुसरी आणावी लागते. पण खमरियातली ऑगस्टमधली दुसरी हवाही आधीच भरलेली असते. त्यातून वीज गेली. मग मी एक बूट फ्रिजच्या मागे ठेवला. आमचा फ्रिज जुना, त्याच्या पाठीला जाळी आहे आणि ती कोमट असते. आईला तो दिसला. "पायातली वहाण पायातच बरी म्हणतात," ती म्हणाली, "तू तर तिला दह्यादुधाच्या पाठीशी बसवून राहिलास."

मी बचावात बिल बॉवरमनचं नाव घेतलं. अमेरिकेतल्या ऑरेगनच्या या प्रशिक्षकाने १९७१ साली, धावायच्या बुटाला पकड देणारा तळ हवा म्हणून, बायकोच्या स्वयंपाकघरातलं वॉफलचं पात्र घेतलं आणि त्यात रबरासारखं द्रावण ओतलं. वॉफल म्हणजे काय, हे आईला समजावायला अप्पेपात्राचा आधार घ्यावा लागला. त्या खाचांमधूनच पुढे नाइकीचा प्रसिद्ध तळ निघाला, असं मी रंगवून सांगितलं. बायको इतका वेळ गप्प होती. तिने विचारलं, "आणि पात्र?" पात्र पहिल्याच खेपेला चिकटून बसलं होतं. अनेक वर्षांनी ते त्यांच्या घरामागच्या कचऱ्याच्या खड्ड्यात सापडलं. "हं," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून आमचं अप्पेपात्र कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर गेलं. मला स्टुलाशिवाय हात पुरत नाही, आणि स्टुलावर बूट असतात.

केस वाळवायच्या यंत्राबद्दल मला थोडक्यातच बोलायचं आहे. भाच्याने उष्णतेला मनाई केली होती, पण कारण सांगितलं नव्हतं. कारण असं, की या बुटाचा मधला जाड थर म्हणजे फेस गोठवल्यासारखा, आत हवेचे बारीक बारीक फुगे असलेला पदार्थ. त्याला फार उष्णता लागली की तो आक्रसतो. आणि वरचा भाग तळाला शिवलेला नसतो, डिंकाने चिकटवलेला असतो. तो डिंक गरमीने सैल पडतो. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी पाहिलं ते असं, की डाव्या बुटाने पुढून हळूच तोंड उघडलं, जसं सकाळच्या पाळीचा माणूस भोंगा ऐकून उघडतो.

रांझीच्या बाजारात एक मोची बसतात. त्यांनी बूट उलटा केला, वास घेतला नाही, म्हणजे अनुभवी. तळाची कड अंगठ्याने दाबली आणि निदान केलं: "भैया, जे सूको नइयां. जे तो पक गओ." बूट वाळला नाही, शिजला. चाळीस रुपयांत त्यांनी तो काळ्या दोऱ्याने शिवून दिला. भाच्याला मी फोटो पाठवलेला नाही.

बाहेर ठेवायचं तर त्याचे वेगळे धोके. खमरिया झाडीत आहे. इथे अधूनमधून बिबट्या दिसल्याची आवई उठते आणि पावसाळ्यात विंचू, बेडूक, कधी साप, सगळ्यांना कोरडी खोली हवी असते. बूट घालण्याआधी उलटा आपटायचा, ही इथल्या प्रत्येक मुलाला बाराखडीआधी येणारी गोष्ट. माझ्या उजव्या बुटात एका सकाळी बेडूक सापडला. अपमान वाटला तो त्याचा नाही. तो बाहेर आला आणि परत आत जायला बघू लागला, म्हणजे आत बाहेरपेक्षा जास्त ओल होती.

पुढे वासाचा प्रश्न. हा विषय मी हसण्यावारी नेत होतो, पण जगात तो गंभीरपणे घेतला गेला आहे. २०२५ सालचं अभियांत्रिकी रचनेचं इग नोबेल दोन भारतीयांना मिळालं, विकाश कुमार आणि सार्थक मित्तल यांना. विषय: घाण वास येणाऱ्या बुटांमुळे बूट ठेवायचं कपाट वापरण्याच्या अनुभवावर होणारा परिणाम. त्यांनी वसतिगृहातल्या दीडशेच्या आसपास विद्यार्थ्यांना विचारलं, वासामागचा कायटोकॉकस सेडेंटॅरियस नावाचा जंतू धरला आणि बुटाच्या कपाटातच अतिनील दिवा बसवून त्याला मारायची योजना मांडली. इग नोबेल म्हणजे आधी हसू आणणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन. आमच्या घरी क्रम उलटा झाला. बायकोने आधी विचार केला आणि मग हसून माझा बूट अंगणात ठेवला.

त्याच पुरस्काराचा २००६ चा एक मानकरी प्रयोग तर थेट माझ्या बाजूचा आहे. आफ्रिकेतल्या हिवतापाच्या डासांच्या माद्यांना माणसाच्या पायांचा वास जितका ओढतो, तितकाच लिंबर्गर नावाच्या चीजचा ओढतो, असं त्यात दिसलं. पायावर राहणारे जंतू आणि ते चीज मुरवणारे जंतू एकाच कुळातले. हिवतापावर काम करणारी आदिवासी आरोग्याची राष्ट्रीय संस्था जबलपुरातच आहे. त्यांना कधी सापळ्यासाठी सामान कमी पडलं, तर माझा जोड मी विनामूल्य देईन, असं मी जेवताना जाहीर केलं. आईने ताट उचलून आतल्या खोलीत नेलं.

(खायचा सोडा रात्रभर बुटात टाकून सकाळी झटकायचा, हा वासावरचा उपाय बरा आहे. फक्त झटकायचं विसरायचं नाही. पहिल्या पावसात आतून पांढरं पाणी येतं आणि लोक थांबून पाहतात.)

बाबा हे सगळं व्हरांड्यातल्या खुर्चीतून पाहत होते. पंचाऐंशीच्या घरातला माणूस, पण वेळ अजून भोंग्यावर चालते. एका संध्याकाळी मी बुटाच्या खोक्यात आलेली सिलिकाची पुडी बुटात ठेवत होतो. ते म्हणाले, "किती ग्रॅमची?" पाच. "आपल्या वजनाच्या चाळीस टक्के पाणी घेईल, फार तर. बुटात किती?" एकशे पंचावन्न ग्रॅम. त्यांनी डोळे मिटले. "अठ्ठ्याहत्तर पुड्या. एका बुटाला." मग त्यांनी निळ्या सिलिकाची गोष्ट सांगितली. ती पाणी प्याली की गुलाबी होते आणि भट्टीत तापवली की पुन्हा निळी. त्यांच्या काळात पेटीतली खडी गुलाबी दिसली, की साहेबाचा चेहरा पांढरा व्हायचा.

मग बोलता बोलता ते जोड्यांवर आले. दारूच्या इमारतीत बाहेरचा जोडा चालत नाही. जोड्याला लोखंडी खिळा नको, तळाला वाळूचा कण नको, कारण ठिणगीला तेवढं पुरतं. दारात आडवी फळी असायची. तिच्यावर बसायचं, बाहेरचा जोडा काढायचा, पाय जमिनीला न टेकवता फळीच्या पलीकडे न्यायचा आणि तिथला जोडा घालायचा. "तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरातही इतकं कडक सोवळं नव्हतं," बाबा म्हणाले. आणि ओलीबद्दल माझी समजूत अर्धवट होती, हेही तेव्हाच कळलं. दारूला ओल नको, पण हवेला हवी. हिवाळ्यात हवा फार कोरडी झाली, की अंगावरच्या कपड्यांत वीज साठते, बोट लोखंडाला लागलं की चटका बसतो. आणि तो चटका घरी बसला तर माणूस हात झटकतो, तिथे बसला तर झटकायला हात राहत नाही. म्हणून फरशीवर ओल राखायची, दारूत राखायची नाही. सदतीस वर्षं कोणती ओल कुठे, एवढंच पाहिलं, म्हणाले.

त्यांनी माझा बूट मागून घेतला. आत हात घातला, पार टोकापर्यंत, दोन बोटं फिरवली आणि बाहेर काढून एकमेकांवर चोळली. "सेफ आहे," ते म्हणाले. "या बुटाने खमरियात काही पेटणार नाही."

जबलपूर हे फौजेचंही गाव. पहाटे रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं धावतात. पूर्ण गुण हवे तर त्यांना सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढायचे असतात. मला तेवढ्यात नाडी बांधून होते. परवा त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, "तुम लोग जूते सुखाते कैसे हो?" त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे, मग त्या काळ्या टाक्यांकडे. "अंकल, कल फिर भीगना है न?" एवढं म्हणून तो गेला. त्याच्याकडे एकच जोड होता, कापडी, तळ झिजलेला. मी घरी येईपर्यंत त्या वाक्यावर विचार करत होतो आणि दोनदा डबक्यात गेलो.

भाच्याचा शेवटचा सल्ला अर्थात दोन जोड घेण्याचा आहे. एक वाळेपर्यंत दुसरा. सल्ला शहाणा आहे, हे मलाही कळतं. पण मग व्हरांड्यात चार बूट भिजत पडतील, एवढंच.

काल पुन्हा भिजलो. घरात हिंदी वर्तमानपत्र एकही नव्हतं, बड्डे गावाला गेलेले, प्रश्नपत्रिका संपलेल्या. सुकतळे उपसून मी स्टुलासमोर नुसता बसून राहिलो. थोड्या वेळाने बाबांच्या खुर्चीकडून कागद फाटल्याचा आवाज आला. त्यांनी नागपूरचा पेपर माझ्यापुढे धरला. एका कोपऱ्यात चौकोनी भोक होतं.

"शब्दकोडं काढून घेतलंय," ते म्हणाले. "अग्रलेख डाव्या बुटात घाल. आज त्यात काही दम नाही."